डोंगराचा पदर

पश्चिमेकडून पूर्वेकडे संथपणे वाहत आलेली गंगा साहिबगंज ओलांडल्यावर दक्षिणेकडे वळते. तिला वळावयास लावणाऱ्या राजमहालच्या टेकड्या सह्याद्रीच्या मानाने ठेंगण्याच म्हणावयास हव्यात. दोन हजार फुटांची उंची गाठणारी शिखरे त्यांत क्वचितच आढळतील. परंतु डोंगर आणि नदी यांच्यामध्ये उरलेल्या अरुंद पट्टीतूनच बिहारहून बंगालकडे जाणारा जुना राजमार्ग जात असे, आणि त्या पट्टीवरील तेलियागढीचा किल्ला ज्याच्या हाती त्याच्या हाती बंगालचे दार, असे शतकानुशतके मानले जाई. राजा मानसिंहाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस आपली राजधानी राजमहालास आणली ती याच कारणासाठी. या मार्गाने फौजा गेल्या, सुभेदार गेले, पुढे कंपनीचे गोरे अधिकारीही गेले, आणि त्या सर्वांनी आपापल्या बखरी, रोजनिशा व अहवाल लिहून ठेवले. त्यांत उजव्या हाताच्या डोंगराचा उल्लेख येतो तो बहुधा भयस्थान म्हणून. तेथे दाट जंगल आहे, त्यात रानटी लोक राहतात आणि ते वाटसरूंना लुटतात, एवढीच त्या डोंगराची ओळख.

त्या डोंगराच्या पायथ्याशी असलेले जंगल अठराव्या शतकाच्या शेवटापासून १८५५ पर्यंतच्या अवघ्या साठ-पासष्ट वर्षांत नाहीसे झाले आणि त्याच्या जागी भात, मका व मोहरीची शेते आली. भूमीचे आच्छादन बदलणे ही गोष्ट एरवी इतकी सावकाश घडते, की ती घडत असताना कोणाच्या ध्यानी येत नाही. येथे मात्र ती दोन-तीन पिढ्यांत घडली आणि सरकारी दप्तरात नोंदली गेली. जंगल कोणी तोडले, कोणाच्या इच्छेने तोडले, आणि तोडून झाल्यावर ती जमीन कोणाची झाली, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत. राजमहालच्या इतिहासात त्यांची तीन निरनिराळी उत्तरे मिळतात, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत यातच त्या प्रदेशाच्या साऱ्या दुःखाचे मूळ आहे.

या डोंगरांचे जुने रहिवासी म्हणजे पहाडिया. त्यांच्यातील सौरिया अथवा मालेर यांची माल्तो ही भाषा द्राविड कुळातली; गंगेच्या काठाशी, आर्य आणि मुंडा भाषांच्या वेढ्यात हे दक्षिणेचे बेट कसे टिकून राहिले हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना कुतूहल वाटावे असाच विषय आहे. पहाडियांची शेती फिरती होती. तिला ते कुरवा म्हणत. झुडपे व फांद्या तोडावयाच्या, त्या वाळल्या म्हणजे जाळावयाच्या, आणि त्या राखेत कुदळीने माती नुसती उकरून मका, ज्वारीसारखी धान्ये व कडधान्ये पेरावयाची. दोन-चार वर्षांनी जमिनीचा कस उतरला, की ती सोडून दुसरीकडे वळावयाचे आणि जुन्या जागी रान पुन्हा माजू द्यावयाचे. सह्याद्रीच्या उतारांवर कोकणात दळी आणि कानडी मुलखात कुमरी या नावांनी जी शेती चालत असे तिचीच ही बहीण. सोडलेल्या जमिनीवर गवत वाढे, त्यावर गुरे चरत. उभ्या रानातून मोहाची फुले, राळ, रेशमाचे कोष आणि कोळशासाठी लाकूड मिळे. चिंचेच्या राईत झोपड्या आणि आमराईत विसावा, अशी त्यांची वस्ती असे. परक्याला जे निर्मनुष्य अरण्य दिसे ते त्यांच्या दृष्टीने शेत, कुरण, कोठार आणि देवस्थान होते. फक्त या सर्वांच्या मधून बांध घातलेले नव्हते.

सपाटीवरील लोकांशी त्यांचा संबंध देवघेवीचा होता तसाच धाकाचाही होता. पायथ्याचे जमीनदार त्यांच्या नायकांना काही नेमणूक देत, व्यापारी खिंडीतून जाताना जकात भरत. ते न मिळाले किंवा डोंगरावर दुष्काळ पडला, म्हणजे पहाडिया खाली उतरून धान्य व गुरे लुटून नेत. या व्यवस्थेला न्याय म्हणावे की नाही हा वादाचा भाग आहे. परंतु ती व्यवस्था होती आणि तिच्या आधारे डोंगर व मैदान यांच्यात एक समतोल टिकून होता.

हा समतोल मोडला तो १७६९-७० च्या भीषण दुष्काळात. बंगालच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक तृतीयांश माणसे त्यात मेली, असा त्या काळच्या अधिकाऱ्यांचाच अंदाज होता. गावेच्या गावे ओस पडली. राजमहालच्या दक्षिणेस असलेल्या बीरभूममध्ये तर पिकाखालची जमीन पुन्हा रानाखाली गेली, आणि जेथे नांगर चालत होते तेथे हत्ती व वाघ फिरू लागले. विल्यम हंटर याने १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या बंगालच्या ग्रामीण वृत्तांतात याचे सविस्तर वर्णन केले आहे. म्हणजे या कथेत जंगल आधी पुढे सरकले आणि मग मागे हटले. हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे, कारण कंपनीच्या अधिकाऱ्यांनी बंगाल-बिहारमध्ये जे रान पाहिले त्यातील काही भाग त्यांच्याच अमलातील उपासमारीने वाढलेला होता. त्यांनी मात्र ते सारे अनादि कालापासूनची ओसाडी म्हणून धरले.

कंपनीच्या लेखी जंगल ही संपत्ती नव्हती, उत्पन्नाची तूट होती. जेथे नांगर नाही तेथे सारा नाही, आणि जेथे सारा नाही तेथे सत्ताही नाही, हे तिचे गणित. शिवाय रानात राहणारा माणूस बंडखोर आणि नांगरामागचा माणूस आज्ञाधारक, अशी एक समजूत त्या काळी इंग्लंडातून आलेल्या सुशिक्षित माणसाच्या मनात पक्की होती. १७९३ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने कायमधाऱ्याची पद्धती लागू केली. सरकारचा सारा कायमचा ठरला. त्यानंतर जमीनदार जेवढी नवी जमीन लागवडीखाली आणील तेवढे उत्पन्न त्याच्या पदरात. साहजिकच जमीनदारांचे डोळे जवळच्या रानाकडे वळले. पायथ्याच्या जंगलावर कुऱ्हाड चालविण्याचे पहिले कारण हे होते.

पहाडियांना हे आक्रमण कळत होते. दुष्काळानंतर त्यांच्या धाडी वाढल्या. कंपनीची डाकही त्या वाटेने सुरक्षित जाईना. प्रथम सरकारने निर्दयपणे त्यांची शिकार केली. मग भागलपूरचा तरुण कलेक्टर ऑगस्टस क्लीव्हलंड याने दुसरा मार्ग काढला. डोंगरातील नायकांना सालिना वेतन द्यावयाचे आणि त्यांनी आपल्या माणसांची हमी घ्यावयाची. पहाडियांच्या तिरंदाजांची एक पलटणही त्याने उभी केली. क्लीव्हलंड १७८४ मध्ये, वयाची तिशीही न गाठता वारला. त्याच्या सौम्य धोरणाची स्तुती कंपनीच्या लोकांनी पुष्कळ केली आहे. ती पूर्णपणे खोटी नाही. पण वेतन घेणारा नायक आपल्या लोकांच्या दृष्टीने सरकारी चाकर ठरला आणि त्याचा शब्द चालेनासा झाला, हा त्या सौम्यपणाचा दुसरा परिणाम. ज्यांनी वेतन नाकारले ते अधिक वर, अधिक आत डोंगरात सरकले.

जमीनदारांनी आणि कंपनीने पहाडियांना नांगर धरावयास लावण्याचा यत्न करून पाहिला. त्यांनी नांगर धरला नाही. ज्याची शेती दर दोन-चार वर्षांनी जागा बदलते त्याला नांगराचा उपयोग तो काय, आणि एका जागी खिळवणारा तो बैलजोडीचा संसार त्याने का पत्करावा? पुष्कळशा अहवालांत या नकाराला आळस म्हटले आहे. वस्तुतः कुदळ आणि नांगर ही जमिनीशी वागण्याची दोन भिन्न शास्त्रे होती, आणि पहाडियांनी त्यांपैकी आपले सोडले नाही.

तेव्हा नांगर धरणारी दुसरी माणसे शोधणे आले. ती संथाळांच्या रूपाने सापडली. संथाळ हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बीरभूम, मानभूम, हजारीबाग या बाजूंनी उत्तरेकडे सरकत होते. रान तोडून शेत करण्यात त्यांचा हातखंडा होता आणि आपली अशी जमीन हवी ही त्यांची तीव्र आस होती. त्यांच्या मूळ प्रदेशात जमीनदारांचा तगादा वाढल्याने त्यांनाही नवी भूमी हवीच होती. जमीनदारांनी त्यांना जंगलतोडीस बोलाविले, आणि १८०० च्या सुमारास राजमहालच्या पायथ्याशी त्यांची पाले दिसू लागली. १८१०-११ च्या हिवाळ्यात फ्रान्सिस बुकॅनन हा डॉक्टर कंपनीच्या हुकमाने हा मुलूख पाहावयास आला. त्याच्याबरोबर चित्रकार होते, मोजणीदार होते, पालखीचे भोई होते. प्रत्येक ठिकाणी माती कोणती, दगड कोणता, झाडे कोणती, आणि ही जागा लागवडीस आणली तर काय पिकेल, याची नोंद तो करीत गेला. संथाळांनी साफ केलेली गंजुरिया पहाडाजवळची शेते पाहून तो प्रसन्न झाला. पहाडियांची रानातली कुरवा त्याला ओबडधोबड वाटली. बुकॅनन हा मोठा विद्वान आणि प्रामाणिक निरीक्षक होता यात शंका नाही. पण सरकारी खजिन्याच्या खिडकीतून पाहणाऱ्यास रान दिसले, तरी त्याआड राहणाऱ्याचा हक्क दिसत नाही, याचे त्याच्या नोंदी हे उत्तम उदाहरण आहे.

१८३२-३३ मध्ये सरकारने या प्रदेशाभोवती दगडी खांब उभारून हद्द आखली. आतील तेराशेंहून अधिक चौरस मैलांच्या मुलखाला नाव दिले ‘दामिन-इ-कोह’. फारशीत दामन म्हणजे वस्त्राचा घोळ अथवा पदर, आणि कोह म्हणजे डोंगर. डोंगराचा पदर! सरकारी दप्तरात इतके काव्यमय नाव क्वचितच सापडेल. मागची योजना मात्र रोखठोक होती. डोंगराचे माथे पहाडियांकडे, साऱ्याशिवाय; पायथ्याच्या दऱ्या व सपाटी संथाळांकडे, साऱ्यासह. जमीन देताना अट अशी घातली गेली, की पहिल्या दहा वर्षांत निदान एक दशांश क्षेत्र तोडून लागवडीखाली आलेच पाहिजे. जंगल तोडणे ही येथे परवानगी नव्हती, ते कर्तव्य होते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. दामिन हा सरकारच्या थेट मालकीचा मुलूख ठरविण्यात आला, त्यामुळे तो कायमधाऱ्याच्या बाहेर राहिला. कॉर्नवॉलिसच्या व्यवस्थेत सारा वाढविण्याची सोय नव्हती आणि चाळीस वर्षांच्या अनुभवाने कंपनीस ती चूक डाचू लागली होती. येथे मध्ये जमीनदार नसल्याने जितके रान तुटेल तितकी वसुली वाढविता येणार होती. जंगलतोडीचे दुसरे आणि अधिक बलवत्तर कारण हे.

मग जे घडले त्याचा वेग थक्क करणारा आहे. १८३८ मध्ये दामिनमध्ये संथाळांची चाळीस गावे होती. १८५१ मध्ये ती १,४७३ झाली. त्यांची लोकसंख्या याच अवधीत तीन हजारांवरून ब्याऐंशी हजारांच्या वर गेली. सरकारी वसुली १८५४-५५ मध्ये सुमारे अठ्ठावन्न हजार रुपयांवर पोचली होती. पहिल्या वर्षांत ती काही हजारांच्याच घरात होती. या आकड्यांमागे किती श्रम आहेत याची कल्पना ज्याने एखादे शेत रानातून काढले असेल त्यालाच येईल. आधी झुडपे, मग वेली, मग मोठी झाडे. त्यांची खोडे जाळणे, मुळे उपटणे, दगड वेचून बांध घालणे, ओहोळाच्या तळाशी पाणी अडवून भाताची खाचरे करणे, वरच्या अंगाला मका व मोहरी पेरणे. वाघाच्या आणि हिवतापाच्या तोंडी कित्येक माणसे पडली. गाव वसविताना संथाळ सालवृक्षांचा एक लहानसा पुंजका मात्र तोडीत नसत. ते त्यांचे जाहेरथान, देवांचे ठिकाण. सभोवतालचे सारे रान गेल्यावर हे पुंजके तेवढे मागे राहिले.

या बदलाचा पहिला बळी अर्थातच पहाडिया. खालच्या दऱ्यांतली खोल, ओलसर माती त्यांच्या हातून गेली आणि वरचा खडकाळ, कोरडा माथा तेवढा उरला. फिरत्या शेतीला फिरावयास जागा लागते. जागा आटली, तेव्हा सोडलेल्या जमिनीवर रान पुरते माजण्यापूर्वीच तेथे परतणे भाग पडू लागले. रान विरळ झाले, उतारावरची माती पावसाबरोबर वाहू लागली, शिकार दुर्मिळ झाली. पुढे जंगल खाते आले आणि त्याने या कुरवा शेतीवरच जंगलनाशाचा ठपका ठेवून तिच्यावर बंधने घातली. ज्यांचे जंगल दुसऱ्यांनी सरकारच्या प्रोत्साहनाने तोडले, त्यांच्यावरच जंगल बिघडविल्याचा आरोप यावा, ही गोष्ट हिंदुस्थानच्या वनेतिहासात एकट्या राजमहालची नाही. पण इतकी उघडी-वाघडी ती अन्यत्र क्वचितच दिसते.

दुसरा बळी खुद्द जंगल तोडणारा. संथाळांची समजूत साधी व प्राचीन होती : ज्याने रान तोडून शेत केले त्याचे ते शेत; माझीच्या, म्हणजे गावच्या मुखियाच्या साक्षीने ते त्याच्या वंशाकडे चालावयाचे. सरकारची समजूत निराळी : रान तोडून शेत झाले म्हणजे ते आकारणीस पात्र झाले. सारा रोखीत भरावयाचा. रोकड कोठून आणावयाची? ती सावकाराकडून. दामिनमध्ये रान हटू लागताच वाटा झाल्या, वाटांवरून बंगाली, भोजपुरी व अन्य व्यापारी आले, आणि बरहेट येथे मोठी बाजारपेठ उभी राहिली. संथाळांनी पिकविलेली मोहरी व भात तेथून मुर्शिदाबादकडे, कलकत्त्याकडे जाऊ लागली. मोहरी तर विलायतेपर्यंत जात असे. ज्या रानात पन्नास वर्षांपूर्वी डाकेचा हरकारा शिरावयास भीत होता ते आता परदेशी व्यापाराच्या साखळीत गुंफले गेले होते.

या बाजारात दोन मापे चालत. माल घेताना एक मोठे माप, देताना दुसरे लहान. त्यांना ‘केनाराम’ व ‘बेचाराम’ अशी थट्टेची नावे पडली होती, यावरून ती फसवणूक किती उघड होती ते कळते. व्याज शेकडा पन्नासपासून कित्येक पटींपर्यंत. कर्ज फिटेना तेव्हा ऋणको स्वतःला बांधून देई. ‘कमियौती’ नावाच्या करारात तो कर्ज फिटेपर्यंत सावकाराकडे राबे. ‘हरवाही’त आपला नांगर घेऊन धन्याच्या शेतावर जाई. बहुधा ते कर्ज त्याच्या हयातीत फिटत नसे आणि मुलाकडे वारशाने येई. जंगलातून शेत काढणाऱ्या माणसाचा नांगर अशा रीतीने दुसऱ्याच्या शेतात चालू लागला. तक्रार न्यावी तर न्यायालय भागलपूरला, लांब. जवळचा पोलीस दरोगा सावकाराच्या पंगतीचा. त्यातच ईस्ट इंडियन रेल्वेचे काम या भागात सुरू झाले. रेल्वेवर मजुरीला गेलेल्यांच्या हातात रोकड पडे, हे खरे; परंतु रेल्वेच्या काही गोऱ्या नोकरांनी संथाळ स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या कथाही गावोगाव पोचत होत्या.

३० जून १८५५ रोजी बरहेटजवळच्या भोगनाडीह या गावी हजारो संथाळ जमले. सिदो, कान्हू, चांद व भैरव हे मुर्मू कुळातील चौघे भाऊ त्यांचे पुढारी. आपले गाऱ्हाणे थेट कलकत्त्यास लाटसाहेबांपुढे घालावयाचे, असा त्यांचा बेत होता. ७ जुलैला दिघी ठाण्याचा दरोगा महेशलाल दत्त त्यांना अडवावयास आला आणि मारला गेला. तेथून पुढे जे पेटले त्यास संथाळ ‘हूल’ म्हणतात. या उठावात त्यांनी जे जाहीर केले त्यातील एक कलम विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. यापुढे सारा जमिनीच्या मापावर नव्हे तर नांगरावर घ्यावयाचा, रेड्याच्या नांगराला एक दर, बैलाच्या नांगराला दुसरा. म्हणजे राज्यच नको असे त्यांचे म्हणणे नव्हते. जमीन सरकारची असून तिचे भाडे मोजावयाचे, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. माणूस राबतो, त्याच्या राबण्यातून काही हिस्सा राजाने घ्यावा, एवढेच त्यांना कबूल होते. या एका कलमात त्यांचे सगळे अर्थशास्त्र आले.

उठाव मोडण्यासाठी प्रथम धाडली गेली ती भागलपूरच्या डोंगरी लोकांची पलटण. म्हणजे क्लीव्हलंडने उभारलेले ते पहाडिया! संथाळांनी ज्यांना डोंगरावर ढकलले ते आता कंपनीच्या वतीने त्यांच्यासमोर उभे राहिले. १६ जुलैला पीरपैंतीजवळ या फौजेचा पराभव झाला. पण पुढे मोठ्या पलटणी आल्या, नोव्हेंबरमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला आणि १८५६ च्या आरंभापर्यंत सारे शांत झाले. शांत झाले म्हणजे काय, तर पंधरा हजारांवर माणसे मेली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बंदुकीची भोके ठेवलेला पाकुड येथील गोल मार्टेलो बुरूज त्या धास्तीची खूण म्हणून अजून उभा आहे.

उठाव फसला; त्याचा परिणाम मात्र कायद्यात उतरला. १८५५ च्या ३७ व्या कायद्याने भागलपूर व बीरभूम या जिल्ह्यांतून सुमारे साडेपाच हजार चौरस मैलांचा संथाळ परगणा वेगळा काढण्यात आला आणि तेथे नेहमीची न्यायालये व पोलीस दूर ठेवून अधिकाऱ्याकडे थेट दाद मागण्याची सोय झाली. १८७२ च्या नियमाने व्याजावर मर्यादा घातली आणि व्याजाची एकूण रक्कम मुदलापेक्षा अधिक होता कामा नये असे ठरविले. महाराष्ट्रातील वाचकास हे दामदुपटीचे तत्त्व ओळखीचे वाटेल. तीनच वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तेथे काळी, जुनी, पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन होती, येथे काल रानातून काढलेली. पण रोकड सारा आणि सावकाराचे खत ही जोडी दोन्हीकडे एकच होती.

कायद्याने सावकाराला आवर घातला. जंगल मात्र परत आले नाही. १८६० च्या सुमारास राजमहालपर्यंत आगगाडी धावू लागली आणि उरलेल्या सालाच्या लाकडाला नवे गिऱ्हाईक मिळाले. डोंगरावरचे सबाई गवत कागदाच्या गिरण्यांकडे जाऊ लागले. गावे भरली, वाटण्या झाल्या, नवे शेत काढावयास रान उरले नाही. १८७४ च्या टंचाईच्या काळात भगीरथ माझी नावाच्या पुढाऱ्याने जमीन आपली आहे, तिचा सारा देऊ नका, असे सांगत खेरवार पंथाची चळवळ उभी केली. तीही दडपली गेली. मग संथाळ पुन्हा निघाले. काही गंगेपार मालदा-दिनाजपूरच्या बरिंद भूमीत गेले आणि तेथली झाडी त्यांनी साफ केली, काही उत्तर बंगालच्या व आसामच्या चहामळ्यांवर गेले. स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी १८८१ मध्ये आसामातील ग्वालपाड्याच्या जंगलात संथाळांची एक वसाहतही वसविली. तेथे पुन्हा तीच कुऱ्हाड, तोच नांगर, आणि पुढे शंभर वर्षांनी तेथल्या मूळ रहिवाशांशी जमिनीवरून उफाळलेला तोच कलह. १९९६ मध्ये कोकराझार भागातील दंगलींत लाखांवर माणसे निर्वासितांच्या छावण्यांत गेली, त्यांत संथाळ फार मोठ्या संख्येने होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये संथाळ परगणा कुळकायदा झाला. त्याने रयतेची जमीन विकणे वा हस्तांतरित करणे जवळजवळ पूर्णपणे बंद केले. २००० मध्ये झारखंड राज्य निर्माण झाल्यावरही तो अमलात राहिला आहे, आणि तो शिथिल करण्याचा विषय निघाला की लोक रस्त्यावर येतात. बाहेरच्या माणसास हा हट्ट वाटतो. दीड शतकापूर्वीची ती मापे, ती कमियौती आणि भोगनाडीहची ती सभा ज्यांच्या घरात अजून सांगितली जाते त्यांना तो तसा वाटत नाही.

मात्र शेताचा वरचा थर कायद्याने राखला तरी त्याखाली दुसरे धन होते. गोड्डा जिल्ह्यात ललमटियाच्या उघड्या खाणींतून कोळसा निघतो आणि आगगाडीने फरक्का व कहलगावच्या वीजकेंद्रांकडे जातो. मोहरीची शेते जेथे झाली तेथे आता काही ठिकाणी शेकडो फूट खोल काळे खड्डे आहेत. आणि कोळसा नाही तेथे दगड आहे. राजमहालच्या टेकड्या, सह्याद्रीप्रमाणेच, लाव्हारसाच्या थरांच्या बनलेल्या आहेत. वयाने मात्र त्या सह्याद्रीहून कितीतरी जुन्या, सुमारे अकरा-बारा कोटी वर्षांच्या. दोन लाव्हाथरांच्या मध्ये अडकलेल्या गाळात त्या काळच्या झाडांची पाने व खोडे दगड होऊन राहिली आहेत. त्यांच्यावरच बिरबल साहनी यांनी आपले जगप्रसिद्ध संशोधन केले. या भूमीचे एक अतिप्राचीन वनाच्छादन ते.

आता हाच काळा पाषाण पाकुड व साहिबगंज जिल्ह्यांतून खडी होऊन बाहेर पडतो. सुरुंगाने डोंगराची कड फोडतात, क्रशरवर तिचा चुरा करतात, आणि मालमोटारींतून, आगगाडीतून व गंगेवरच्या बोटींतून ती खडी बंगाल-बिहारकडे व पलीकडे बांगलादेशात रस्त्यांसाठी जाते. पायथ्याचे रान गेले तेव्हा पहाडियांना माथा तरी उरला होता. त्या माथ्याचाच भाग आता हळूहळू कमी होत आहे. २०११ च्या खानेसुमारीत झारखंडातील सौरिया पहाडियांची संख्या पन्नास हजारांच्या आत भरली. खाणींवर दगड फोडणाऱ्या मजुरांत ते आहेत, आणि संथाळही आहेत.